आठ तारा, चार जोड्या

लोकांना वाटतं नेट हवेतनं येतं. हवेतनं येतं ते शेवटच्या चार पावलांपुरतं. त्याच्या आधी सगळी वायरच आहे. रस्त्याखालनं, गच्चीवरनं, जिन्याच्या कोपऱ्यातनं, आणि ती कुणीतरी ओढलेली असते. घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या बऱ्याच बिल्डिंगांत ती मी ओढली आहे. लोक मला वायरवाली मावशी म्हणतात. नाव सुमन, पण नावानं हाक मारणारं आता फारसं कोणी राहिलं नाही.

मी चौथी शिकले. त्यामुळे हे मी बोलले आणि माझ्या सुनेनं लिहून घेतलं. ती मधे मधे म्हणते, "आई, हे जरा चांगलं करून लिहू?" मी म्हटलं, तू चांगलं केलंस तर लोकांना वाटेल ही कॉलेजात गेली होती. राहू दे तसंच.

या धंद्यात मी हौसेनं आले नाही. आमचे हे केबलच्या लाइनवर होते, टीव्हीची केबल. तेव्हा एका गच्चीवरनं दुसऱ्या गच्चीवर वायर न्यायची तर दगडाला दोरा बांधून फेकायचा. पलीकडच्यानं दोरा धरायचा, आपण दोऱ्याच्या या टोकाला वायर बांधायची, की त्यानं ओढून घ्यायची. असाच दगड फेकताना हे कठड्यावरनं खाली गेले. जगले. पण कमरेखाली काही राहिलं नाही. आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत, एक खोली, मुलगा लहान.

केबलवाला शेठ भेटायला आला. घरात खुर्ची नव्हती म्हणून उभाच राहिला. म्हणाला, "वहिनी, ऑफिसात झाडलोटीला या."

मी म्हटलं, "झाडलोटीला दिवसभर अडकून पडेन. मला लाइनवर घ्या. काम झालं की घरी पळता येईल."

तो हसला. "दगड फेकता येतो?"

"कोकणात आम्हाला चिंचा कोण पाडून देत होतं?"

तर अशी मी गच्चीवर चढले. साडीचा काष्टा मारून, कमरेला पक्कड. लाइनवरचा एक माणूस म्हणायचा, "मावशी, पदर अडकेल कुठेतरी." मी म्हटलं, "तुझी पॅन्ट सुटते ती सांभाळ आधी." पुढे त्यानंच मला कनेक्टर लावायला शिकवलं, आणि चांगलं शिकवलं.

सकाळी यांचं सगळं आवरून, उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवून मी निघायची. शेजारच्या काकूंना सांगून जायची. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर तांब्या तसाच भरलेला. मला वाटायचं, आज तहान लागली नसेल. किती तरी दिवस असंच वाटत होतं. मग डॉक्टर म्हणाले, हा माणूस पाणीच पीत नाही, किडन्या गेल्यात. यांना विचारलं तर म्हणाले, "प्यायलो की भांडं लागतं. तू गच्चीवर. काकूंकडे कसं मागू?"

पुढे त्यांनी फार दिवस काढले नाहीत. गेले तेव्हा मी एका गच्चीवरच होते. खालून हाक आली, मी आधी वायर बांधून टाकली, मग उतरले. वायर अर्धी सोडली असती तर खालच्या कुणाच्या तरी अंगावर आली असती. बस. याच्यापुढे काही सांगण्यासारखं नाही.

धंद्याचं सांगते. टीव्हीची जाड केबल गेली, इंटरनेटची वायर आली. बाहेरनं बघाल तर करंगळीपेक्षा बारीक. सोलली की आत आठ तारा. दोन-दोन तारांना पीळ घातलेला, म्हणजे चार जोड्या. केशरी, हिरवी, निळी आणि चॉकलेटी. चारही जोड्या धड असल्या की माल नुसता पळतो. आता यातली निळी किंवा चॉकलेटी जोडी तुटली तर काय व्हावं? तुम्ही म्हणाल बंद पडावं. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं. ती वायर बंद पडत नाही. उरलेल्या दोन जोड्यांवर ओढत राहते, पण स्पीड दहातला एकच हिस्सा उरतो. कुटुंबासारखंच. दोन माणसं खाली बसली तरी बाकीचे गाडा ओढतात, आणि बाहेरच्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

बाहेरच्याला खरंच तसं वाटतं. कारण घरातलं नेट तेवढ्यावरही चालतं. नळाची धारच बारीक असली तर पाइप अर्धा बुजलाय हे कळत नाही ना, तसं. कळतं कधी, तर घरातल्या एका कंप्युटरवरची मोठी फाइल दुसऱ्या कंप्युटरवर टाकायची असते तेव्हा. एका पिंपातनं दुसऱ्या पिंपात ओतायचं तर पाइप मोठाच हवा. लोक कंपनीला फोन करतात, कंपनीची माणसं नेटचा स्पीड बघतात, "बरोबर आहे मॅडम" म्हणतात आणि जातात. त्यांचंही चुकत नाही. त्यांचं काम दारापर्यंत. दाराच्या आत काय झालंय ते घरच्यांनी बघायचं, नाहीतर माझ्यासारखीनं.

या कामात मी एक गोष्ट शिकले ती मनोरीला. मार्व्याहून फेरी बोटीनं पलीकडे गेलं की मनोरी. तिथे एक ख्रिश्चन कुटुंब आहे, जुनं, तिथलंच, मराठीच बोलणारं. म्हातारी रोझीमाय आणि तिचा भाचा. भाच्याची दोन भाड्यानं द्यायची कॉटेजं. त्याचा कंप्युटर एका घरात, म्हातारीचं घर समोर, मधे मोकळ्यातनं दोन खांबांवर मी टाकलेली वायर. तक्रार अशी की भाच्यानं फोटो, कागदपत्रं समोरच्या घरातल्या कंप्युटरवर टाकली की कधी झरझर जातात, कधी अडकतात.

रोझीमाय म्हणाली, "सकालचा बरा धावते. दुपारचा बसते."

भाचा हसायला लागला. "मावशे, ते काय सूर्यफूल आहे का?" मीही हसले. कनेक्टर बघितले तर खाऱ्या हवेनं पितळेचं भांडं कळकावं तसे हिरवे पडलेले. बदलले. मला वाटलं झालं काम. पण जेवायला थांबवलं त्यांनी, आणि जेवण होईपर्यंत दुपार झाली. बाहेर बघते तर रोझीमाय माझ्या वायरीवर बोंबील वाळत घालतेय. बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडी-जोडीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ताज्या बोंबलात पाणी किती असतं ते ज्यानं धुतलेत त्यालाच माहीत. वायर अशी लोंबली की दोन्हीकडचे कनेक्टर ओढले गेले.

मी म्हटलं, "माय, ही वायर आहे."

ती म्हणाली, "मना काय ठावं? दोन खांबांच्या मधी बांधलंस तं मी म्हटला दोरीच हाय. वलांडी भरली होती."

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायची बांबूंची मांडणी. संध्याकाळी मांजरांच्या भीतीनं ती बोंबील काढून आत न्यायची, की वायर परत हलकी. म्हणजे म्हातारीनं पहिल्याच वाक्यात सगळं सांगितलं होतं आणि आम्ही दोघं हसत बसलो होतो. तेव्हापासून गिऱ्हाइकानं कितीही येडपट काही सांगितलं तरी मी हसत नाही. घरात ते राहतात, मी नाही.

आता मुलुंडचं सांगते. त्याच्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं.

मुलुंड पूर्वेला जुनी सोसायटी, दुसरा माळा. मधुरा नावाची मुलगी, म्हणजे चाळिशीची, मला मुलगीच. ती घरी बसून सिरियलचं एडिटिंग करते. अंधेरीच्या स्टुडिओत शूटिंग होतं, ते सगळं तिच्याकडे येतं, ती कापून जोडून एपिसोड करते. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. घरी सासूबाई. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू गेलेली, आवाजही बारीक झालेला. त्यांचा पलंग हॉलमधे, खिडकीजवळ. सकाळी एक बाई येऊन अंग पुसून जाते, मग दिवसभर मधुराच.

तिच्याकडे दोन यंत्रं. हॉलमधे टीव्हीखाली एक पेटी, तिच्यात सगळं शूटिंग साठवलेलं. ती पेटी फार घरघरते म्हणून बाहेर ठेवलेली. आणि आतल्या खोलीत कामाचा कंप्युटर. रोज पेटीतनं कंप्युटरवर फाइली न्यायच्या, काम करायचं, परत पेटीत ठेवायच्या. मधे एक वायर. ती वायर टीव्हीमागनं भिंतीवर, तिथनं आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवरनं प्लॅस्टिकच्या केसिंगमधनं आत.

पहिल्या दिवशी मी गेले तर ती दारातच म्हणाली, "मावशी, माझी वाट लागलीय. जी फाइल चहा होईपर्यंत यायची ती आता जेवण झालं तरी येत नाही. स्टुडिओवाल्यांनी सांगितलंय, आणखी एक एपिसोड उशिरा आला तर घरून काम बंद. अंधेरीला येऊन बसा म्हणतात."

"मग जा की."

"मुलुंडहून अंधेरी, आणि तिथे सुटायची वेळ नाही. आईंचं कोण करणार? दोन बायका ठेवल्या, दोघी पळाल्या."

पलंगावरनं बारीक आवाज आला. "मी सांगितलंय तिला. बदलापूरला आश्रम आहे, तिथे माझं नाव घाल."

"आई, तुम्ही गप्प बसा हो जरा."

"गप्पच असते मी."

हे असं होतं. फाइल पळाली तर म्हातारी घरात, नाही पळाली तर बदलापूरला. मी पिशवी खाली ठेवली आणि कामाला लागले.

टीव्हीखाली पेटीशेजारी नेटची डबी होती. अशा डबीत वायर जिथे खुपसतात तिथे एक बारीक दिवा असतो. तिच्या डबीवर चारही जोड्या चालू असल्या की हिरवा, दोनवर आलं की पिवळा. दिवा पिवळा होता. मी कनेक्टर काढला, परत घातला, दिवा हिरवा झाला. टेस्टर लावला. टेस्टर म्हणजे हातात मावणारं छोटं यंत्र, आठ तारांचे आठ दिवे ओळीनं लागतात, जी तार तुटली तिचा लागत नाही. आठही लागले. मी म्हटलं, कनेक्टर ढिला होता. दोन्ही टोकांचे नवे लावले. मधुरानं फाइल टाकली. स्क्रीनवर ती हिरवी पट्टी असते ना, किती माल आला ते दाखवणारी, ती सरसर सरकली. पलंगावरनं सासूबाई म्हणाल्या, "धावली." त्यांना तिथनं उघड्या दारातनं स्क्रीन दिसतो. इंग्रजी वाचता येत नाही, पण पट्टी कळते.

मी खूश होऊन घरी गेले. दोन दिवसांनी फोन. "मावशी, परत तेच."

परत गेले. दिवा पिवळा. काढला, घातला, हिरवा. टेस्टरवर आठ दिवे. या वेळी मला डबीवर संशय आला, माझ्याकडची दुसरी लावून दिली. पट्टी धावली. मधुरानं चहा केला. बोलता बोलता म्हणाली, "आई हल्ली शहाण्या झाल्यात हं मावशी. आधी सारखी घंटी वाजायची, आता दिवसातनं एकदा-दोनदाच."

घंटी म्हणजे देवघरातली असते तसली, पितळेची छोटी. मधुराच्या कानावर कामाचे हेडफोन, सासूबाईंचा आवाज पोचत नाही, म्हणून तिनं आतल्या खोलीच्या दारावर तोरणाच्या खिळ्याला घंटी टांगली होती. घंटीची दोरी पलंगापर्यंत आणलेली, उजव्या हाताशी. दोरी ओढली की घंटी वाजते, आणि पितळेचा आवाज हेडफोनमधनंही टोचतो. मला आवडलं होतं ते. आमच्याकडे असं काही सुचलं नव्हतं.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मधुराचा आवाज बसलेला. "मावशी, तुम्ही असेपर्यंत चालतं. तुम्ही गेलात की बसतं. शुक्रवारचा एपिसोड उशिरा गेला तर संपलं."

"उद्या येते," मी म्हटलं, "आणि जात नाही. तुझ्याकडेच बसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, कनेक्टर काढून घातला, दिवा हिरवा झाला. मधुराला म्हटलं, तू तुझं काम कर, मी नाही असं समज. आणि सासूबाईंच्या पलंगाजवळ स्टूल घेऊन बसले, डबीकडे तोंड करून. तास गेला, दुसरा गेला. दिवा हिरवा. पट्टी धावतेय. घंटी एकदाही वाजली नाही.

बसल्या बसल्या माणूस इकडे तिकडे बघतं. उशाशी टेबलावर पाण्याचा पेला होता, स्ट्रॉ लावलेला. मी आले तेव्हा काठोकाठ होता. आताही काठोकाठ होता. म्हातारीच्या ओठांना सालं आलेली.

मी त्या पेल्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "काकी, पाणी देऊ?"

"नको."

"तहान नाही?"

"नाही गं."

"माझा नवरा असाच म्हणायचा. कमरेखाली गेला होता. भांडं मागायला लागू नये म्हणून पाणी प्यायचा नाही."

त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मग म्हणाल्या, "भांड्याचं नाही. मधू सगळं करते, कपाळाला आठी नसते तिच्या. वेगळंच आहे. तू हसशील."

"नाही हसणार. मी आधी एकदा हसलेय, महागात पडलं."

त्यांनी दाराकडे बघितलं. मधुराच्या कानावर हेडफोन होते. तरी आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी घंटी ओढली की तिची पट्टी बसते."

मी हसले नाही.

"पहिल्यांदा वाटलं, योगायोग. मग लक्ष ठेवलं. मला दुसरं काम काय आहे इथे पडून? मी ओढली, ती उठून आली, माझं केलं, परत जाऊन बसली की पट्टी हळू झालेली. दर वेळी. मग मी ओढणंच सोडलं. पाणी प्यायलं की ओढावी लागते, म्हणून पाणी बेतानं. अगदीच निभत नाही तेव्हा ओढते. आणि त्या दिवशी बघ, नेमकी बसते."

"मधुराला सांगितलंत?"

"काय सांगू? सासूनं हाक मारली की सुनेचं काम बुडतं? ते तर घरोघरी आहे."

मला तेव्हा थोडं हसू आलं, पण ते वेगळं. मी उठले. "काकी, घंटी ओढा."

"नको गं. शुक्रवारचं आहे तिचं."

"एकदाच ओढा. मी डबीकडे बघते."

त्यांनी दोरी धरली, पण ओढवेना. मला म्हणाल्या, "तूच ओढ."

"मी ओढून चालणार नाही. तुमचा हात तुम्ही ओढता तसाच पडला पाहिजे."

त्यांनी ओढली. घंटी खणखणली. दिवा एकदा विझला, परत लागला, पिवळा. मधुरा हेडफोन मानेवर घेत बाहेर आली. "काय हवं आई?"

मी म्हटलं, "तू मागे बघ."

तिनं वळून स्क्रीनकडे बघितलं. पट्टी जिथे होती तिथेच उभी, गोगलगाय परवडली. मधुरा दारातच थांबली. "हे कसं काय?"

"स्टूलावर चढते, मला धर."

स्टूल दारात लावलं, वर चढले, केसिंगचं झाकण काढलं. तोरणाला तीन खिळे. दोन कडेचे लाकडात. मधला, ज्याला घंटी, तो केसिंगमधनं आरपार, आणि खाली माझी वायर. म्हणजे मी ओढलेली नव्हती, आधीच्या कुणाची होती. खिळा वायरीला फाडून गेला होता. सात तारा वाचल्या, एक चॉकलेटी तुटलेली. तुटली, पण दोन्ही टोकं एकमेकांना टेकून राहिली होती. म्हणून माझा टेस्टर लागायचा, आठही दिवे दिसायचे. दोरी ओढली की खिळा हलायचा, टोकं क्षणभर सुटायची. आणि या यंत्रांचं असं असतं, एकदा जोडी सुटली की दोन्ही बाजूची यंत्रं आपसात ठरवतात, बाबा, आता हळूच चालू. मग तार परत टेकली तरी ती हळूच चालतात, कुणी कनेक्टर काढून परत घालेपर्यंत, नाहीतर कंप्युटर बंद करून परत चालू करेपर्यंत. मी यायची, काढून घालायची, सगळं झकास दिसायचं. मी गेले की काकींना काहीतरी लागायचं.

मी हे खाली उतरून दोघींना सांगितलं.

काकी म्हणाल्या, "तो खिळा मी ठोकायला लावला."

मधुराला आठवलं. तिनं घरून काम सुरू केलं त्या दसऱ्याला सासूबाई हटून बसल्या होत्या, की मुख्य दाराला तोरण आहे तसं या दारालाही हवं. आता हे सुनेचं ऑफिस आहे, ऑफिसला तोरण नको? सुतार कपाटाच्या कामाला आलाच होता, त्याच्याकडनं खिळे मारून घेतले. झेंडू आणि आंब्याची पानं मधुराच्या हातानं बांधून घेतली. झटका त्यानंतरचा.

"म्हणजे मीच," काकी म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकी, ज्यानं वायर चौकटीवरनं नेली त्यानं विचार करायचा होता. आपल्या घरांत दारावर खिळा येणारच. आज ना उद्या. मी कधी चौकटीवरनं वायर नेत नाही ते त्याच्यासाठीच."

मधुराचं मात्र खिळ्याकडे लक्षच नव्हतं. ती पेल्याकडे बघत होती. "आई, तुम्ही पाणी सोडलं होतंत?"

"बेतानं पीत होते."

"आणि मी सगळ्यांना सांगत होते, आमच्या आई शहाण्या झाल्यात म्हणून."

तिनं सासूच्या पायावरची चादर नीट केली, जी नीटच होती. मग नाक ओढून मला म्हणाली, "मावशी, तो खिळाच उपटून टाका. मी बॅटरीची बेल आणते."

"खिळा राहू दे," मी म्हटलं. "वायर हलते, खिळा कशाला हलवायचा?"

नवी वायर पिशवीत होतीच. पेटीपासनं खाली फरशीच्या कडेकडेनं नेली, काकींच्या पलंगामागनं, आणि दाराशी खालच्या कोपऱ्यातनं आत. पलंग सरकवायला मधुरानं हात लावला. काकी म्हणाल्या, "मला घेऊन कुठे निघालात?" मधुरा म्हणाली, "बदलापूरला." तिघी हसलो. त्या घरात मी पहिल्यांदाच हसणं ऐकलं. गुडघे माझे आता बोलतात, फरशीवर बसून क्लिपा ठोकायला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. जुनी वायर चौकटीवरनं ओढून काढली आणि तुटलेल्या तारेचा तुकडा काकींना दाखवला. त्यांनी तो बोटांत धरला. "एवढीशी?"

"एवढीशीच."

कनेक्टर लावले. टेस्टर. दिवा हिरवा. मधुरानं शुक्रवारची सगळ्यात मोठी फाइल टाकली आणि हेडफोन न लावता बसली.

मी म्हटलं, "ओढा काकी."

ओढली. घंटी वाजली. दिवा हिरवाच. पट्टी धावत होती.

आतून मधुरा म्हणाली, "काय आई?"

"काही नाही. पट्टी बघत होते."

थोड्या वेळानं परत घंटी. "आता काय?"

"काही नाही. परत बघितली."

"बघा, बघा. हवी तेवढी बघा."

मी पिशवी आवरायला घेतली. पक्कड, टेस्टर, वायरीचे तुकडे. तेवढ्यात तिसऱ्यांदा घंटी वाजली, या वेळी जोरात. मधुरा उठून बाहेर आली, कमरेवर हात.

काकी म्हणाल्या, "पाणी दे गं."

मधुरानं पेला उचलला, स्ट्रॉ ओठांशी धरली. त्या प्यायल्या. थांबल्या, श्वास घेतला, परत प्यायल्या. स्ट्रॉचा खालनं तो खडखड आवाज येईपर्यंत प्यायल्या. मधुराला पट्टी बघायला आत जायचं होतं, म्हणून तिनं पेला माझ्या हातात दिला. मी तो जरा वेळ तसाच धरून ठेवला. रिकामा होता. मग ओट्यावर नेऊन, भरून परत आणून ठेवला.